कुमुदचं एक वर्ष

आमच्याकडे मूल घेऊन येणारं प्रत्येक घर पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचं, हा बरा कधी होईल? कुणी दारातच विचारी, कुणी पाणी पिऊन, पदराने तोंड पुसून मग विचारी. पण विचारल्याशिवाय कुणी उठत नसे. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. खोटं बोलायचं नाही आणि तरीही ती माणसं पुढच्या गुरुवारी परत आली पाहिजेत, एवढीच माझी पहिल्या दिवसाची कामगिरी असे.

संपादकांनी 'कामातले अनुभव लिहा' म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा त्यांना गमतीजमतीचे आणि थोडे डोळे ओले करणारे किस्से हवे असणार. तसे माझ्याकडे पुष्कळ आहेत. एकदोन सांगतेही. पण खरं तर एकच गोष्ट मला सांगायची आहे, आणि तिच्यात माझी बाजू चांगली नाही.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली होती आणि इंदूरकर ते दुखणं अजून चहाबरोबर रोज उगाळत होते. माझे वडील होळकरांच्या अमदानीत दफ्तरात कारकून होते. त्यांनी नातेवाइकांचं न ऐकता मला मुंबईला दोन वर्षं समाजकार्य शिकायला पाठवलं. परत आले तेव्हा एका धर्मादाय संस्थेने दवाखान्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत एक केंद्र काढलं होतं. पाटीवर लिहिलं होतं 'मंदबुद्धि बालक मार्गदर्शन केंद्र'. आज तो शब्द कुणी वापरत नाही, आणि ते बरंच आहे, पण तेव्हा दुसरा नव्हता. आठवड्यातून दोनदा एक डॉक्टर यायचे. बाकी सगळं मी. हिंदी बोलणाऱ्यांची मी 'बहेनजी' आणि मराठी घरांची 'बाई'.

काम काय, ते सांगते. तुम्ही सकाळी शर्ट घालता. तुम्हाला वाटतं ते एक काम आहे. आमच्या लेखी ती अकरा कामं. शर्ट ओळखायचा, पुढची बाजू कुठली ते बघायचं, एक हात घालायचा, मागून ओढून घ्यायचा, दुसरा हात घालायचा, असं करत शेवटचं बटण. यातलं शेवटचं काम आधी शिकवायचं. म्हणजे दहा कामं आपण करायची आणि फक्त शेवटचं बटण मुलाने लावायचं. ते जमलं की शेवटची दोन. असं उलटं उलटं येत जायचं. एका शर्टाला आठ महिने लागतात, कधी दोन वर्षं. आणि हे आठवड्यातून एकदा केंद्रात येऊन होत नाही. घरी, रोज, तीन वेळा, कुणीतरी अर्धा अर्धा तास बसावं लागतं. म्हणून मी सायकलवरून घरोघर जायची आणि मुलाला नाही, घरच्या माणसांना शिकवायची.

माणसं नाना तऱ्हेची यायची. देपालपूरहून एक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "बेनजी, इको दिमाग बढ़ावा को कोई इंजेक्शन होय तो लगई दो." डोकं वाढवायचं इंजेक्शन नसतं, असं मी समजावलं. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि हळूच म्हणाला, बड्या डॉक्टरला विचारून तरी बघा. मी त्याच्यासमोर आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हा कुठे तो खाली बसला आणि शर्टाची गोष्ट शिकून घेऊन गेला.

सियागंजात किराण्याची मोठी पेढी असलेले एक आजोबा होते. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दुकान सोडून नातवाला घेऊन यायचे आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीत अवघडून बसून सगळं शिकायचे. नातवाला त्यांनी कधी लपवलं नाही. दुकानात शेजारी गादीवर बसवायचे आणि येईल त्या व्यापाऱ्याला सांगायचे, "ये हमारे छोटे सेठ हैं, नमस्ते करो इनको." त्या मुलाचं पुढे जे चांगलं झालं त्याचं श्रेय लोक मला देतात. मी काहीच केलं नव्हतं.

आता जगदाळ्यांकडे येते.

जगदाळ्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. ते स्वतः कापडमिलच्या टाइम-ऑफिसात कामगारांची हजेरी मांडणारे कारकून होते आणि मल्हारगंजात माडीवरच्या दोन खोल्यांत राहायचे. उंच, कमी बोलणारे. पाच वर्षांच्या दिगूला खांद्यावर घेऊन ते पहिल्यांदा आले तेव्हा मुलाचं डोकं बापाच्या मानेवर पडलेलं होतं आणि जीभ बाहेर होती. तो जेमतेम उभा राहायचा. शब्द एकही नव्हता. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "या मुलांचं हृदय कच्चं असतं. फार जगत नाहीत. घरच्यांना उगीच मोठ्या आशा दाखवू नका." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढे मी जे केलं त्यात या वाक्याचाही हात आहे.

पहिल्या घरभेटीला मी दिगूच्या आईला चमचा धरायला शिकवत होते. मुलाच्या मुठीत बसावा म्हणून चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळायची, आपला हात त्याच्या हातावर ठेवायचा आणि तोंडाजवळ आल्यावर सोडायचा. जगदाळेवहिनींना दमा होता. दहा मिनिटांत त्यांना धाप लागली आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. दाराशी तेरा वर्षांची मुलगी शाळेचं दप्तर खांद्याला तसंच ठेवून उभी होती. ती म्हणाली, "बाई, मी करून बघू?"

ती कुमुद, दिगूची बहीण.

तिने चमचा घेतला. पण माझ्यासारखी समोर बसली नाही. त्याच्या मागे बसली, त्याला आपल्या मांडीत घेतलं आणि मागून हात धरला. म्हणाली, "असं केलं तर त्याला वाटेल तोच खातोय." मुंबईत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात मी ते वाचलं.

त्या दिवसापासून मी वहिनींना शिकवायचं सोडलं आणि कुमुदला शिकवायला लागले. कुणी ठरवलं नाही, कुणी तिला विचारलं नाही. ती हुशार होती, शाळेतून तीनला घरी यायची, तिचे हात हलके होते. मी खूश होते. घरभेटीच्या छापील फॉर्मात एक रकाना होता, 'भावंडं'. त्यात आकडा लिहायचा असे. जगदाळ्यांच्या फॉर्मात मी 'एक' लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

जीभ आत जायला हवी म्हणून मी तिला सांगितलं होतं, तळहातावर कापूस ठेवून फुंकर मारायला शिकव. दिगूला ते जमेना. कुमुदने त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला गूळ लावला. जीभ गुळाकडे गेली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्याला, मग वरच्या ओठाला. तीन महिन्यांत जीभ आत राहायला लागली. जिना चढताना ती पायरीपायरीला त्याच्या पाठीवर थाप मारून आकडा म्हणायची. एक दिवस मी सायकल लावत होते तेव्हा वरून आवाज आला, "ताई." स्पष्ट, दोन अक्षरं. मी जिना धावत चढले. कुमुद त्याच्यासमोर बसून रडत होती आणि तो तिचे डोळे पुसत परत परत म्हणत होता, "ताई, ताई."

गुळाची युक्ती मी मातांच्या सभेत सांगितली. मग आमच्या सायक्लोस्टाइल पत्रकात छापली. कुमुदचं नाव घालायचं मला सुचलं नाही.

अशी चार वर्षं गेली. कुमुद हायर सेकंडरीला पहिल्या वर्गात पास झाली. निकालानंतर आठ दिवसांनी ती एकटीच केंद्रात आली. हातात एक फॉर्म होता, घडी पडू नये म्हणून वहीत ठेवलेला.

"बाई, भोपाळला नर्सिंगचा कोर्स आहे. तीन साल का. हॉस्टेल मिळतं, वजीफा पण मिळतो, खर्चापुरता. आमच्या शाळेच्या बहेनजींनी फॉर्म मागवून दिला."

"अरे वा. मग भर की."

"भरला आहे. बाबांची सही पाहिजे. ते नाही म्हणत नाहीत, पण दिगूचं काय, म्हणतात. मतलब, तुम्हाला विचारायला येणार आहेत." ती थांबली. "तुम्ही हो म्हणाल ना?"

"म्हणेन की," मी म्हटलं.

ती हसली. मी तिला पहिल्यांदाच इतकं मोकळं हसताना बघितलं असावं, कारण पुढचे दोन दात जरा एकावर एक आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

जगदाळे दोन दिवसांनी मिलमधून सुटून आले. उभ्यानेच बोलायला लागले, मी बळेच बसवलं.

"बाई, कुमुदचं तुम्हाला कळलंच असेल. माझं तर मत आहे, जाऊ दे तिला. पोरगी होशियार आहे. दिगूचं आम्ही दोघं पाहू काही तरी. पण तुमचा सल्ला घेतल्याशिवाय अपन पाऊल उचलत नाही."

माणूस होकार घेऊनच आला होता. मी फक्त मान हलवायची होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या हिवाळ्यात भोपाळहून शिक्षण खात्याचे अधिकारी आमचं काम बघायला येणार होते. घरी जाऊन शिकवण्याची ही पद्धत सरकारने मान्य करायची की नाही, ते त्यावर ठरायचं होतं. आणि माझ्याकडे दाखवण्यासारखा एकच मुलगा होता, दिगू. जीभ आत, हाताने जेवतो, पंधरावीस शब्द बोलतो, शर्टाची खालची तीन बटणं लावतो. हिवाळ्यापर्यंत पाचही लावेल, असा माझा हिशेब होता. कुमुद गेली असती तर तो बुजला असता, दोनतीन महिने मागे गेला असता. मग सावरलाही असता. मुलं सावरतात. मी आठवड्यातून एकाऐवजी तीनदा गेले असते, वहिनींना बसल्या बसल्या करता येण्यासारखं शिकवलं असतं, तर तेही चाललं असतं. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. आणि डॉक्टरांचं ते वाक्यही डोक्यात होतं, दिगू फार जगणार नाही, मग कुमुद मोकळीच आहे.

मी म्हटलं, "जगदाळेजी, खरं सांगू का? ही वेळ बरोबर नाही. आत्ता कुठे तो बोलायला लागलाय. तिने हात काढला तर केलेलं सगळं वाया जाईल. एक वर्ष थांबवा तिला."

ते जमिनीकडे बघत राहिले. "एकच वर्ष ना?"

"एकच."

"पुढच्या साली पण फॉर्म निघतात?"

"दर वर्षी निघतात."

ते उठले. मग मी आणखी एक वाक्य बोलले. आज मी माझ्या हयातीतलं एक वाक्य परत घेऊ शकले असते तर हेच घेतलं असतं. मी म्हटलं, "आणि हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका. तिचं मन माझ्यावरून उडालं तर शिकवणं बिघडेल. मला तसा शब्द द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही विचारायचं होतं असं मला वाटलं, पण विचारलं नाही. "ठीक आहे," म्हणाले. "नाही सांगणार."

गुरुवारी मी गेले तेव्हा कुमुदचे डोळे सुजलेले होते. दिगूला समोर घेऊन ती बटणं लावून घेत होती.

"बाबा नाही म्हणाले," ती म्हणाली. "आधी स्वतःच म्हणत होते जा, आणि आता नाही. कारणही सांगत नाहीत. तुम्ही बोलला होतात ना त्यांच्याशी?"

"बोलले," मी म्हटलं.

"माझ्याकरता तुम्ही बोललात, तेवढं पुष्कळ आहे," ती म्हणाली आणि दिगूचं बटण सोडून परत लावायला दिलं.

हिवाळ्यात अधिकारी आले. जगदाळ्यांच्या माडीवर वीसेक मिनिटं बसले, वहिनींनी केलेले पोहे खाल्ले. दिगूने शर्टाची पाचही बटणं लावली, हात जोडून 'नमत्ते' म्हणाला. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, हे तुम्ही कसं साधलंत? मी पद्धत समजावून सांगितली. कुमुद पाण्याचे पेले उचलत होती. तीनचार महिन्यांत मान्यतेचं पत्र आलं. पुढे माझी नोकरी कायम झाली आणि आणखी दोन जणींना नेमण्यात आलं. माझी सगळी पुढची वर्षं त्या पाच बटणांवर उभी आहेत.

आणि कुमुदचं ते एक वर्ष. दुसऱ्या साली जगदाळे स्वतः जाऊन फॉर्म घेऊन आले. पण त्याच महिन्यात वहिनींना दम्याने दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तारीख निघून गेली. तिसऱ्या साली त्यांनी पुन्हा आणला, तेव्हा कुमुदच म्हणाली, आता नको. ती घरात मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागली होती. स्थळं आली. उज्जैनच्या एका घरी पसंती झाली होती, पण मुलाच्या आईने विचारलं, "पुढे मागे भाऊ हिच्याकडेच येणार का?" कुमुद म्हणाली, "हो." ते लोक परत आले नाहीत. हे मला वहिनींनी सांगितलं. कुमुदने कधी विषय काढला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, ही मुलं फार जगत नाहीत. दिगू जगला. विसाचा झाला, तिसाचा झाला. त्याला वेळेवर औषध होतं, दात घासलेले होते, थंडीत छाती झाकलेली होती. दर वेळी तपासताना नवे डॉक्टर आश्चर्य करायचे आणि विचारायचे, याची देखभाल कोण करतं? मी अभिमानाने कुमुदचं नाव सांगायची. तोपर्यंत मला नाव सांगायचं सुचायला लागलं होतं.

जगदाळे मिल बंद पडायच्या सुमाराला गेले. शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. मी भेटायला जायची. एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आता म्हणावं, सांगून टाका तिला. ते माझ्याकडे बघत होते, बहुतेक त्याचीच वाट बघत होते. मी त्यांना विचारलं, "मोसंबीचा रस देऊ का?" ते नाही म्हणाले आणि कुशीवर वळले.

त्यानंतर काही वर्षांनी मी निवृत्त झाले. केंद्राने छोटा कार्यक्रम केला. पालक आले होते, जुनी मुलं आली होती, आता केस पांढरे व्हायला लागलेली. कुमुद नेहमीसारखी दिगूचा हात धरून आली होती. कुणीतरी आग्रह केला म्हणून ती दोन शब्द बोलायला उभी राहिली. माइक तिने दूरच धरला.

"बाईंनी आमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "एक गोष्ट कुणाला माहीत नाही. मला भोपाळला शिकायला जायचं होतं. घरातून परवानगी नव्हती. तेव्हा एकट्या बाई माझ्याकरता वडिलांशी बोलल्या होत्या. ते झालं नाही, पण माझ्या बाजूने एक माणूस होतं, हे मी विसरलेले नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गळ्यात हार होता, हातात नारळ. मी हसले असेन. फोटोत मी हसते आहे.

आठ दिवस मी घरात काहीही केलं तरी त्या टाळ्या मध्येच आठवायच्या. नवव्या दिवशी दुपारी मल्हारगंजात गेले. दिगू गॅलरीत बसून मटार सोलत होता, दाणे पातेल्यात आणि टरफलं कागदावर, बरोबर वेगवेगळी. कुमुद त्याच्याजवळ मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. तिच्या वडिलांचा होकार, अधिकाऱ्यांची भेट, एक वर्ष, आणि घेतलेला शब्द. काही गाळलं नाही.

मेथीची जुडी संपली तेव्हा तिने दुसरी घेतली, सोडली आणि खाली ठेवून दिली.

"बाबा हो म्हणत होते?" तिने विचारलं.

"हो. जाऊ दे तिला, असंच म्हणाले होते."

दिगूने एक दाणा तिच्या तोंडाजवळ नेला, तो तिने खाल्ला.

"मी तीन वर्षं त्यांच्याशी बोलले नाही, बाई," ती म्हणाली. "ताट वाढायची आणि आत निघून जायची. नंतर बोलायला लागले, पण ते कामापुरतं. शेवटच्या आजारात मी त्यांचं सगळं केलं. कपडे, औषध, कूस बदलणं, सगळं. पण नर्ससारखं केलं. मुलीसारखं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "भोपाळचं जाऊ दे. ते गेलं तर गेलं. हे तुम्ही ते असताना सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "हो."

"आत आई आहे," ती उठत म्हणाली. "तिलाही सांगा. मोठ्याने बोला, तिला आता कमी ऐकू येतं."

मी आत गेले. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, अगदी लहान झालेल्या. मी खाली बसून सांगायला सुरुवात केली. "काय म्हणता?" त्या म्हणाल्या. मी आवाज वाढवला. पुन्हा तेच. शेवटी एकेक वाक्य ओरडून सांगावं लागलं. मी नको म्हटलं होतं. मी. त्यांनी नाही, मी. खालच्या बिऱ्हाडातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. माझं एकेक वाक्य त्या जिन्यावरून खाली जात होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

वहिनींना कळलं ते त्यांच्या हातांवरून समजलं. हात मांडीवर होते, ते त्यांनी एकमेकांत घट्ट धरले.

"मग ते बोलले का नाहीत?"

"मी त्यांच्याकडून शब्द घेतला होता," मी ओरडून म्हटलं.

"शब्द घेतला होता." त्यांनी मान हलवली. "मग नाहीच बोलायचे ते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी त्यांना शेवटपर्यंत टोचलं हो. पोरीचं नुकसान केलंत म्हणून. ते नुसतं हं म्हणायचे." आणि मग दाराकडे बघून, "कुमुद, बाईंना चहा दे."

कुमुदने चहा केला. कप तसाच ठेवण्याची हिंमत झाली नाही, मी तो संपवला. त्या घरात मला कुणी वाईट शब्द बोललं नाही. बोलले असते तर मी सुटले असते, असं नाही. पण निदान रडता आलं असतं.

कुमुद जिन्यापर्यंत आली. मी चपला घालत असताना म्हणाली, "बाई, ठीक आहे असं काही मी म्हणणार नाही. ते मला येणार नाही."

"मी त्यासाठी आले नव्हते."

"थोडं त्यासाठीही आला होतात," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. मग तिने विचारलं, "आता तुम्हाला फुरसत असते ना? शनिवारी दुपारी दिगूजवळ बसाल? आईला एकटीला याला सांभाळणं आता होत नाही. मला बाहेर जायचं असतं."

"कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "बसेन. दर शनिवारी येईन."

पहिल्या शनिवारी मी दोनला पोचले. कुमुद तयार होती. इस्तरीची साडी, पायात नवी चप्पल. गोळीची वेळ, पाण्याची बाटली, तो रडला तर काय करायचं, सगळं तिने सांगितलं, आणि मी नव्याने कामाला लागलेल्या मुलीसारखं कागदावर लिहून घेतलं. ती जिना उतरली. दिगूने गॅलरीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं.

"ताई कुथे?"

"बाहेर गेली."

"दिगू?"

"दिगू माझ्याजवळ."

कितीतरी वर्षांत ती त्याला सोडून अशी गेली नव्हती. तो दर पाच मिनिटांनी विचारत होता आणि मी दर वेळी तेच सांगत होते. त्याने केळं खाल्लं नाही, पत्ते लावले नाहीत. चारनंतर विचारायचं थांबला आणि कठडा धरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मी खुर्ची आणली, तो बसेना. मग मीही त्याच्याशेजारी उभी राहिले.

सहा वाजून गेल्यावर ती कोपऱ्यावर दिसली. दिगूने हाक मारली, पण रस्त्याच्या गोंगाटात तिला ऐकू गेली नाही. ती एकटी येत होती, सावकाश, रस्त्याच्या कडेकडेने. डाव्या खांद्याला पिशवी होती. उजवा हात मोकळा होता. अंगापासून जरा दूर, बोटं अर्धवट मिटलेली, शेजारून चालणाऱ्या कुणाचा तरी हात धरलेला असावा तसा.